ब्लूटूथ हेडफोन आणि हॉटस्पॉट एकाच वेळी चालू केल्यावर आवाज का तुटतो?

विंडोज ११ च्या लॅपटॉपवरून घरातल्या फोनना इंटरनेट देताना ब्लूटूथ हेडफोनमधला आवाज तुटतो, असे आपण विचारले आहे. हॉटस्पॉट बंद करताच आवाज सुरळीत होत असेल, तर हेडफोनला दोष देऊ नये. ब्लूटूथ रेडिओ लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात (बँडमध्ये) चालते आणि हॉटस्पॉटही त्याच पट्ट्यात असेल, तर बहुतेक लॅपटॉपमध्ये दोन्ही कामे एकाच वायरलेस कार्डावर असल्यामुळे त्यांना आळीपाळीने वाट द्यावी लागते; फोनवर व्हिडिओ सुरू झाला की आवाजाच्या वाट्याला वेळ कमी येतो.

म्हणून सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क आणि इंटरनेट', त्याखाली 'मोबाइल हॉटस्पॉट' उघडून गुणधर्मांच्या संपादनात बँड ५ गिगाहर्ट्झ निवडावा. हा पट्टा भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतो, त्यामुळे लॅपटॉप फोनच्या खोलीतच असलेला बरा. जोडलेल्या फोनलाही हा पट्टा चालणे आवश्यक आहे.

आणखी एक गोष्ट आवर्जून तपासावी, कारण तिच्यापायी अनेक जण चांगले हेडफोन परत करतात. मीटिंग सुरू होताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा दबका येत असेल, तर संगणकाने हेडफोनचा माइक वापरायला घेतल्यामुळे जोडणी स्टिरिओवरून संभाषणाच्या मोनो प्रकारावर गेलेली असते. अशा वेळी ध्वनीच्या सेटिंगमध्ये, तसेच मीटिंगच्या ॲपमध्येही, इनपुट म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडावा.

यूएसबी ३.० ची हार्डडिस्क जोडलेली असल्यास तीही थोडी दूर ठेवून पाहावी. तिच्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ लहरींचा गोंगाट निर्माण होतो.