आधी आकडा आण, मग बोलू

प्रिय पोरी,

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. गोकुळ शिरगावातल्या तुमच्या कंपनीचा सर्व्हर, त्यावरचा तो कंटेनर (प्रोग्रॅम चालवायचा बंदिस्त डबा) सारखा मरतोय, सीनिअर म्हणतात रॅम दुप्पट करा, आणि तू मला विचारतेस की नेटवर्किंग मुळापासून शिकू का क्लाउडचा कोर्स लावू. कोर्सचं नंतर बघू. कंटेनर मरतो त्या वेळी त्यानं मेमरी किती खाल्लेली असते? एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये त्याचा आकडाच नाही. एक्झिट कोड, म्हणजे प्रोसेस संपताना मागं ठेवते तो आकडा, १३७ तेवढा लिहिलास, आणि त्याचा अर्थ 'मेमरी संपली' असा परस्पर लावूनही टाकलास. १३७ म्हणजे १२८ अधिक ९. प्रोसेसला नऊ नंबरचा, म्हणजे 'जागीच मर' असा सिग्नल बसला, एवढंच त्यातून कळतं. कुणी मारला आणि का मारला, ते कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या लॉगमध्ये बघायचं असतं. बघितलंस?

रागावलो नाही गं. तुला डॉसच्या जमान्यातल्या गोष्टी ऐकायला आवडतात म्हणून त्यातलीच एक सांगतो, फक्त गंमत म्हणून ऐकून सोडून देऊ नकोस.

शाहू मार्केट यार्डात गुळाच्या एका अडतीत ३८६ प्रोसेसरचं मशीन होतं, चार एमबी रॅमचं. मालक आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे मालविक्रीचे हिशेब, काढायचा प्रोग्रॅम क्लिपर नावाच्या भाषेत लिहिलेला. नॉव्हेल कंपनीचं नेटवर्क जोडलं आणि प्रोग्रॅम उघडेना. मेमरी अपुरी! मालक म्हणाले, 'अजून चार एमबी टाका, पैशाचं मी बघतो.' टाकले असते तरी काडीचा उपयोग नव्हता. १९८१ च्या आयबीएम पीसीत ८०८८ प्रोसेसर होता, त्याला पत्त्याच्या वीस तारा, म्हणजे पोच एक एमबीपर्यंत. त्यातले वरचे ३८४ केबी स्क्रीन, कार्डं आणि बायॉससाठी राखलेले, खालचे ६४० प्रोग्रॅमसाठी. पुढं ३८६ आलं, रॅम वाढली, पण डॉसमधला साधा प्रोग्रॅम त्या ६४० तच अडकलेला. आणि त्या ६४० त कोण कोण ठाण मांडून बसलंय ते कुणी मोजलंच नव्हतं.

मोजायला 'मेम स्लॅश सी' ही डॉसची कमांड पुरायची. यादी यायची: कार्डाचा ड्रायव्हर, नेटवर्कचे आयपीएक्स आणि नेटएक्स, माउस, प्रत्येकासमोर त्याचे केबी. मग हिमेम आणि ईएमएम३८६ हे मेमरी सांभाळणारे ड्रायव्हर चढवायचे, डॉसला हाय मेमरीत ढकलायचं, ड्रायव्हर ६४० च्या वरच्या रिकाम्या फटींत बसवायचे. ईएमएम३८६ ला 'नोईएमएस' लावलं की पेज फ्रेमचे, म्हणजे जादा मेमरीत डोकावायच्या खिडकीचे, ६४ केबी आणखी सुटायचे. क्रमालाही महत्त्व होतं. काही ड्रायव्हर चढताना भरपूर जागा मागतात आणि एकदा बसले की आकसतात, त्यामुळं मोठी फट रिकामी आहे तोवरच त्यांना वर घ्यायचं. कॉन्फिग फाइलमधली एक ओळ वर, एक खाली, रीबूट, परत मेम. १९९३ ला डॉस ६ बरोबर मेममेकर आला आणि हे आपोआप व्हायला लागलं. त्यानं केलेली मांडणीसुद्धा मी मेम मारून तपासायचो. पट्ट्या निघाल्या, रॅम एक बाइटही न वाढवता.

आता तुझं बघ. सर्व्हरला ६४ जीबी आहे म्हणतेस. कंटेनरला लिमिट किती दिलंय? ५१२ एमबी दिलं असेल तर तू १२८ जीबी लाव, तो ५१२ लाच मरणार. आधी मोज.

नेटवर्कचंही तेच. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत नेटवर्कची बारीक कोॲक्स केबल होती, ऑफिसपासून स्टोअरपर्यंत, सगळी मशीनं त्या एकाच केबलला. तिचा एक सेगमेंट १८५ मीटरपर्यंतच चालतो, दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे टोकाचा रोधक, लागतो. कुणी टेबल सरकवलं, टोकाचा टर्मिनेटर निघाला, की सगळीच्या सगळी मशीनं बंद. लोक कार्डं बदलायला लागायचे. मी एका कार्डावरून टी (केबल जोडायचा टीच्या आकाराचा जोड) काढायचो, मल्टिमीटरची एक पिन मधल्या खिळ्याला, दुसरी बाहेरच्या कड्याला. दोन पन्नास समांतर म्हणजे पंचवीस, म्हणून २५ ओहमच्या आसपास आलं तर दोन्ही टोकं जागेवर. ५० आलं तर एका बाजूची वाट लागली. मग त्या बाजूला चालत जायचं, बस्स. एकदा असं झालं, नेटवर्क सुरू केलं की माउस मरायचा. सगळे म्हणाले व्हायरस. एनई२००० या नेटवर्क कार्डाचा जंपर इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची तार) ३ वर होता, माउस कॉम २ या पोर्टवर, आणि कॉम २ चाही इंटरप्ट ३ च.

माझ्याबद्दल ऑफिसात काय बोलतात ते तू भिडेखातर लिहिलं नाहीस, पण मला माहीत आहे. 'म्हातारा हुशार, पण धंदा जमला नाही.' एका मोठ्या कारखान्यानं माझं वार्षिक कंत्राट बंद करून सगळी मशीनं नवीन घेतली, कारण मी म्हणत होतो केबल तपासा, आणि दुसरा म्हणत होता मशीन बदला. बदलली. जुन्याच केबलला जोडली! मला बोलवलं नाही, मीही गेलो नाही. माझा भागीदार म्हणायचा, गिऱ्हाईक स्वतः रॅम मागतंय तर दे की, तुझ्या बापाचं काय जातंय? तो वेगळा झाला, त्यानं राजारामपुरीत शोरूम टाकलं. चांगलं चाललं. मला व्यवहार कळत नव्हता असं नाही. ज्या मशीनला रॅमची गरज नाही हे मी मोजून बघितलंय, तिला रॅम विकायला हात धजायचा नाही. आजही धजत नाही. एवढं मात्र सलतं की वर्षानुवर्षं केबी आणि ओहम लिहिलेल्या माझ्या डायऱ्या वाचायला नंतर कुणी आलं नाही.

आणि हो, तो काळ परत यावा असं मला अजिबात वाटत नाही. ६४० केबीत रात्र रात्र घालवण्यात कसली आलीय मौज. तू उगाच ते जुनं शिकत बसू नकोस.

आता काम ऐक. आज रात्री कंटेनरची मेमरी दर मिनिटाला फाइलमध्ये लिहायला लाव, वेळेसकट. लिमिट शोध. मेला की डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये बघ, ऊम किलरची (मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या भागाची) ओळ सापडते का. मेमरी हळूहळू चढत गेली की एकदम उसळली ते बघ. हळूहळू चढली तर प्रोग्रॅम बहुधा गळतोय, घेतलेली मेमरी परत सोडत नाही. एकदम उसळली तर त्या मिनिटाला कुठला रिपोर्ट काढला होता ते अकाउंट्सवाल्यांना विचार. फाइल घेऊन रविवारी घरी ये, सकाळी दहाच्या आत. नंतर मी मटण आणायला बाहेर पडतो. सीनिअरना एवढंच सांग की रॅमची ऑर्डर सोमवारपर्यंत थांबवा. का, म्हणून विचारलं तर मोजतेय म्हण.