स्वमग्न मुलीचे पंख्यांचे 'वेड' थांबवावे का?

सहा वर्षांची आपली स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगी दिवसभर पंख्यांविषयीच बोलते, कोणाच्याही घरी गेली की आधी छताकडे पाहते, आणि हे वेळीच थांबवा असे नातेवाईक सांगतात, तर काय करावे, असे आपण विचारले आहे. माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे आणि पंख्यांच्या जागी त्याच्याकडे लिफ्ट आहेत. मी तज्ज्ञ नाही, पण थांबवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या २०१३ च्या निकषांत अशा तीव्र आवडीची नोंद लक्षण म्हणून आहे, आणि लक्षण म्हटले की ते घालवायचे असते, असे आपण पालक धरून चालतो. मला अधिक पटलेली मांडणी स्वमग्नतेच्या अभ्यासक डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केली. तिला मोनोट्रॉपिझम म्हणतात. स्वमग्न व्यक्तीचे लक्ष एका वेळी मोजक्याच गोष्टींकडे जाते, पण जिथे जाते तिथे सगळेच्या सगळे जाते, असे ती सांगते. पंखा बघण्यात रमलेल्या मुलीला अचानक उठवले की ती एवढी का बिथरते, याचाही उलगडा त्यातून होतो.

माझ्या हातून झालेली मोठी चूक अशी, की गृहपाठ पुरा झाला तरच लिफ्टचे व्हिडिओ मिळतील, असा नियम मी केला होता. महिनाभरात गृहपाठ सुधारला नाहीच, उलट व्हिडिओ मिळतील की नाही या धास्तीने तो वही फाडू लागला. शाळेतील गोंगाटाने थकून आल्यावर त्याला सावरणारी एकमेव गोष्ट मी बक्षीस म्हणून कुलपात ठेवली होती, हे मला फार उशिरा कळले. नियम काढून टाकला आणि शाळेतून आल्यावरचा पहिला अर्धा तास विनाअट लिफ्टचा ठेवला, तेव्हा वह्या फाटणे थांबले.

मग मी त्याच्याकडून शिकू लागलो. लिफ्टचे काउंटरवेट, म्हणजे डब्याला तोलून धरणारे दुसऱ्या बाजूचे वजन, रिकाम्या डब्याच्या वजनाहून जड असते आणि ही वाढ क्षमतेच्या साधारण चाळीस ते पन्नास टक्के ठेवतात, हे मला त्यानेच सांगितले. मी लगेच शेकडेवारीची गणिते काढली. तीन गणिते त्याने सोडवली आणि चौथ्याला म्हणाला, "बाबा, हे आता लिफ्टचं राहिलं नाही." तो बरोबर होता. आवडीतून अभ्यास जरूर साधतो, पण प्रत्येक वेळी तोच साधायला गेलो तर मुलाची हक्काची जागाही आपण शिकवणीसाठी बळकावतो.

मर्यादा मात्र हव्यात. त्या वेळेला आणि जागेला घालाव्यात, आवडीला नव्हे. "पंखा पुरे" म्हणण्याऐवजी "पाच मिनिटांनी जेवण, जेवणानंतर पुन्हा पंखा" असे सांगावे, आणि ती पाच मिनिटे तिला दिसतील असे वाळूचे घड्याळ समोर ठेवावे. चालू पंख्याला आणि विजेच्या बटणांना हात लावण्याबाबतचा नियम मात्र तडजोडीशिवाय पाळावा.

नातेवाईकांच्या 'वेड' या शब्दापेक्षा मी तिच्या चेहऱ्याकडे पाहीन. पंख्यांबद्दल बोलताना ती खुलत असेल तर ती आवड आहे. तेच करताना ती घाबरलेली दिसत असेल, ठरावीक वेळा बटण दाबले नाही तर काहीतरी वाईट घडेल असे तिला वाटत असेल, तर ते वेगळे प्रकरण आहे आणि त्यासाठी बालमनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तसे नसेल, तर आज तिला एवढेच विचारा, की तीन पात्यांच्या आणि चार पात्यांच्या पंख्यांपैकी तिला कोणता आवडतो आणि का. उत्तर लांबेल, त्यामुळे हातातली कामे उरकून मगच विचारा.