ओळख ना पाळख, मग आई का रडली?

तुम्ही विचारलंय की, आवडत्या विनोदी मालिकेतली अभिनेत्री गेल्याची बातमी टीव्हीवर आली आणि तुमची आई भरल्या ताटावरून उठली, दिवसभर कुणाशी धड बोलली नाही. उभ्या आयुष्यात एकदाही भेट नाही, मग हे दुःख खरं, की चार लोक हळहळतात म्हणून आपणही हळहळायचं?

खरं आहे हो. अगदी खरं. तुमच्या आईला हसू नका आणि "एवढं काय त्यात" असंही म्हणू नका. मी हे इतक्या खात्रीने म्हणते, कारण रिमा लागू गेल्या तेव्हा आमच्या घरी हेच झालं होतं, आणि घरात हे का झालं यावर मी नंतर पुष्कळ विचार केला.

18 मे 2017, गुरुवार. पहाटे मुंबईत अंधेरीच्या कोकिलाबेन अंबानी रुग्णालयात हृदयविकाराने रिमाताई गेल्या. पुढच्या महिन्यात त्यांना एकोणसाठ वर्षं पूर्ण झाली असती की नाही तोच हिशेब लोक करत होते, कारण कुणाला पटतच नव्हतं. आजारपण नाही, अंथरुणाला खिळणं नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत त्या ‘नामकरण’ या मालिकेच्या सेटवर काम करत होत्या. लेकीने, मृण्मयीने, ओशिवऱ्याच्या स्मशानभूमीत अग्नी दिला. मालिका थांबत नाही, तशी ‘नामकरण’ही थांबली नाही. त्यांच्या जागी रागिणी शहा आल्या.

त्या दिवशी हिंदी वाहिन्यांवर एकच मथळा फिरत होता: बॉलिवूडची आई गेली. ‘मैंने प्यार किया’, ‘हम आपके हैं कौन’, ‘वास्तव’. खोटं काहीच नव्हतं त्यात. ‘वास्तव’मध्ये ज्या संजय दत्तची त्या आई झाल्या, तो त्यांच्यापेक्षा जेमतेम एका वर्षाने लहान, आणि तरी तो मुलगा आहे यावर कुणी शंका घेतली नाही, यात त्यांचं काम किती पक्कं होतं ते दिसतंच. पण आमच्या घरात, आमच्या जिन्यात, आईच्या मैत्रिणींच्या फोनवर ‘सलमानची आई गेली’ असं कुणीही म्हणालं नाही. आईचा मला फोन आला तो असा: "अगं, कोकी गेली." पुढे तिला बोलता येईना.

कोकी म्हणजे कोकिळा कुलकर्णी, ‘श्रीमान श्रीमती’मधली. 1994 साली दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका हिंदी होती, पण तिच्यातलं एक घर चक्क कुलकर्ण्यांचं होतं आणि ती लिहिणारे अशोक पाटोळे आपले मराठी नाटककार. गोष्ट एवढीच की शेजारी शेजारी दोन जोडपी. केशव कुलकर्णी शेजारच्या नटीवर, प्रेमा शालिनीवर लट्टू, आणि त्या नटीचा घर सांभाळणारा नवरा दिलरुबा कोकीवर लट्टू. जतीन कणाकिया, अर्चना पूरणसिंग, राकेश बेदी आणि रिमाताई. विषय असा की जरा पाय घसरला तर मालिका चावट झाली असती. ती घरात सगळ्यांनी एकत्र बसून बघितली, याचं मोठं श्रेय मी रिमाताईंना देते. दिलरुबाची स्तुती कानावर आली की कोकी खूश व्हायची, लाजायचीसुद्धा, पण पदर खोचून पुढच्या क्षणी गॅसकडे वळायची. आपलं कौतुक कुणीतरी करावं ही साधी इच्छा, त्यापलीकडे काही नाही. संसारात बुडालेल्या बाईला ती कोकी लगेच ओळखीची वाटली.

दुसरी मालिका ‘तू तू मैं मैं’. सचिन पिळगांवकरांनी दिग्दर्शित केलेली. रिमाताई सासू, देवकी. सुप्रिया पिळगांवकर सून, राधा. आणि मधल्यामध्ये भरडले जाणारे सासरे कुलदीप पवार. आता गंमत बघा, या सासू-सुनेत प्रत्यक्षात नऊ वर्षांचंच अंतर. दोघी मराठी रंगभूमीच्या वळणाच्या, दोघींना दुसरीचं वाक्य संपेपर्यंत थांबता येत होतं. विनोदात ही थांबण्याची कला फार कमी जणांकडे असते. सुप्रिया ताडकन उत्तर द्यायच्या, ठिणगीसारखं. रिमाताई मात्र आधी ऐकून घ्यायच्या, मान किंचित तिरकी करायच्या, चेहऱ्यावर साखर पेरायच्या, आणि मग शालजोडीतला असा ठेवून द्यायच्या की सुनेला लागलाय हे तिला स्वतःला कळायच्या आत आपण हसलेलो असायचो. त्या कधी ‘विनोद करतेय’ अशा दिसल्याच नाहीत. देवकीला आपण बरोबरच आहोत याची मनापासून खात्री असायची, आणि हसू यायचं ते त्या खात्रीचं.

हे अंगात येतं कुठून? मंदाकिनी भडभडे ही त्यांची आई, मराठी नाटकातली अभिनेत्री. रिमाताईंचं स्वतःचं माहेरचं नाव नयन. शाळा पुण्याची हुजूरपागा. पुढे मुंबईत युनियन बँकेत नोकरी आणि जोडीला नाटक. जयवंत दळवींचं ‘पुरुष’, शेखर ताम्हाणेंचं ‘सविता दामोदर परांजपे’ अशी जड, अंगावर येणारी नाटकं त्यांनी केली. ‘सविता’ ज्यांनी रंगमंचावर बघितलं ते अजून त्यांच्या नजरेबद्दल बोलतात. म्हणजे कोकीचा तो भाबडेपणा आणि देवकीचा तो तोरा करणारी बाई ही प्रेक्षागृहाला घाम फोडू शकणारी नटी होती. विनोदी काम हलकं समजतात त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. मला वाटतं, आपल्याकडे विनोदी अभिनेत्रीला हयातीत तिच्या विनोदासाठी पुरेसा मान मिळत नाही. मृत्युलेखसुद्धा तिच्या रडवणाऱ्या भूमिकांनी सुरू होतात. चाहते मात्र चुकत नाहीत. ते हसवलेल्या जागाच आठवतात.

आता आमच्या घरचं सांगते, म्हणजे तुमच्या आईचं कदाचित कळेल. माझी आजी आणि आई यांचं फारसं पटायचं नाही. भांडी आपटून भांडणं नव्हती, पण धुसफूस सतत. भाजीत गूळ किती, पाहुण्यांना चहा कुणी विचारला, माहेरी किती दिवस, असल्या गोष्टी. दोघी एकमेकींशी ‘हिला सांग’, ‘आईंना विचार’ असं माझ्यामार्फत बोलायच्या. टीव्ही मात्र एकच होता. ‘तू तू मैं मैं’ लागलं की आजी पलंगावर, आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात लाटणं किंवा निवडायची मेथी. देवकीने टोमणा मारला की आजी म्हणायची, "अगदी बरोबर बोलली." राधाने तो परतवला की आई काही बोलायची नाही, नुसती हसायची, पण आजीकडे बघून हसायची. आणि आजीलाही हसू आवरायचं नाही. वर्षभर एकमेकींना जे तोंडावर सांगता आलं नसतं, ते त्या मालिकेच्या आडून दोघींनी एकमेकींना सांगून टाकलं. पुढे पुढे तर पोळ्या करपल्या की आई स्वतःच म्हणायची, "झालं, आता देवकीबाई बोलणार," आणि आजी म्हणायची, "बोलणारच!" त्यांचं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. पण भांडणातला काटा गेला.

2017 पर्यंत आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. आणि त्या गुरुवारी आई रडली ती माझ्या आजीच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा इतकी. मी तिला समजवायला लागले की, त्या केवढ्या मोठ्या कलाकार होत्या वगैरे. तिने मला मध्येच तोडलं. म्हणाली, "आईंना सांगायला हवं होतं गं, सासूबाई गेल्या म्हणून." टीव्हीवरच्या सासूची बातमी तिला आपल्या सासूला द्यायची होती.

अभ्यासकांनी या गोष्टीचा विचार फार पूर्वी केलाय. 1956 साली अमेरिकेत डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी लिहिलं की टीव्हीवरच्या माणसाशी प्रेक्षकाचं एक जवळिकीचं नातं तयार होतं, पण ते एकाच बाजूचं असतं. पडद्यावरच्या माणसाला आपण ठाऊकही नसतो. त्यांचं निरीक्षण अचूक आहे. फक्त मला त्यात आमचं घर पूर्ण मावत नाही. रिमाताईंना माझी आई माहीत नव्हती हे कबूल. पण रिमाताईंच्या निमित्ताने माझ्या आईचं आणि आजीचं जे जमलं, ते दोन्ही बाजूंनी होतं, हाडामांसाच्या दोन बायकांमधलं होतं. नटी गेली की त्या दिवसांचाच एक साक्षीदार जातो. सिनेमातल्या नटाचं असं होत नाही असं नाही, पण सिनेमा आपण तिकीट काढून, बाहेर जाऊन बघतो. मालिका घरात येते, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, आपण गाऊनमध्ये असताना, ताटात वरणभात असताना. त्यातही दुःखी मालिका माणूस एकटा बघू शकतो. विनोदी मालिका बघताना आपण शेजारच्याकडे वळून बघतोच, त्याला हसू आलं का म्हणून. म्हणून विनोदी बाई गेली की शेजारी कोण कोण बसायचं ते सगळे एकदम डोळ्यांपुढे येतात.

प्रिया तेंडुलकरांचंही असंच झालं होतं. त्यांची ‘रजनी’ सगळ्यांच्या तोंडी असते, पण माझ्या वयाच्या मुलांना त्या ठाऊक होत्या ‘हम पांच’मुळे. अशोक सराफांची वारलेली पहिली बायको, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतून नवऱ्याशी बोलणारी. सगळं काम एका चौकटीत बसून, फक्त चेहऱ्याने आणि आवाजाने. मेलेल्या माणसाच्या फोटोकडे बघून आम्ही पोरं खदाखदा हसायचो. 19 सप्टेंबर 2002 ला त्या खरोखर गेल्या, वय अवघं सत्तेचाळीस, आणि वर्तमानपत्रात तसाच चौकटीतला फोटो आला. मला तेव्हा झालेलं वाईट आजही नीट सांगता येत नाही.

‘श्रीमान श्रीमती’चंही तसंच. केशव कुलकर्णी झालेले जतीन कणाकिया 1999 मध्ये कर्करोगाने गेले. ‘तू तू मैं मैं’चे सासरे कुलदीप पवार 2014 मध्ये, लेखक पाटोळे 2015 मध्ये. रिमाताई गेल्या तेव्हा चाहत्यांना नवऱ्यामागे बायकोही गेल्यासारखं वाटलं, आणि पुष्कळांनी श्रद्धांजली म्हणून केशव आणि कोकीचा जोडीचाच फोटो लावला. मग 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘श्रीमान श्रीमती’ पुन्हा दाखवली. सगळे घरात कोंडलेले, बाहेर भीती, आणि पडद्यावर कोकी फणकाऱ्याने "केशव!" म्हणून हाक मारतेय. त्या दिवसांत त्या मालिकेने किती घरांना धीर दिला असेल! करणारी दोन माणसं जगात नव्हती आणि काम चालूच होतं.

तुमच्या घरात कुणी असंही म्हणत असेल की रोज माणसं मरतात, त्यांच्यासाठी कुणी जेवण सोडत नाही, एका नटीसाठी कसलं रडणं. हा हिशेब मला निर्दय वाटतो. दुःखाची रांग लावून ज्याचा नंबर आधी त्याच्यासाठी आधी रडायचं, असं कुणीच जगत नाही. ज्या माणसाने वर्षानुवर्षं घरात हसू आणलं त्याच्यासाठी दोन घास कमी गेले तर काय बिघडलं?

आणि या हळहळीचं काही चांगलंही होऊ शकतं. अमेरिकेतल्या लाडक्या विनोदी अभिनेत्री बेटी व्हाइट 31 डिसेंबर 2021 ला गेल्या, शंभरी गाठायला तीन आठवडेसुद्धा उरले नव्हते. त्यांना प्राण्यांचा फार लळा. त्यांच्या शंभराव्या वाढदिवसाला, 17 जानेवारीला, चाहत्यांनी ठरवून आपापल्या भागातल्या प्राण्यांच्या निवाऱ्यांना पाच-पाच डॉलर पाठवले, आणि थेंबे थेंबे मोठी रक्कम जमली. आपल्याकडे असं काही मोठं व्हायलाच हवं असं नाही. माझ्या आईने त्या वर्षी गावातल्या हौशी नाट्यमंडळाला रिमाताईंच्या नावाने थोडे पैसे दिले, दोन ओळींची चिठ्ठी जोडून. तिला त्याने बरं वाटलं.

तुमच्या आईला सध्या समजावू नका, विचारा. ती मालिका लागायची तेव्हा घरात कोण कोण होतं, टीव्ही कुठे ठेवलेला होता, कोण सगळ्यात मोठ्याने हसायचं. बोलेल ती. जुने भाग युट्यूबवर मिळतात, पण लगेच लावू नका. आमच्याकडे आईला बरेच महिने देवकीचा आवाजही सहन होत नव्हता, मग एकदा तिनेच लावायला सांगितलं.

तुमच्या आईची अभिनेत्री कोण ते तुम्ही लिहिलं नाहीत. जमलं तर कळवा, आणि तिचा कुठला प्रसंग आईला तोंडपाठ आहे तेही लिहा. मला वाचायला आवडेल.