पोलिओचे संचित कोठे गेले?

आपण विचारले आहे की, एकच, सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि परमदयाळू असा ईश्वर आहे या मताविरुद्ध सर्वांत बळकट युक्तिवाद कोणता, आणि हिंदू माणसाने त्याची दखल घ्यावी की तो ख्रिस्ती-मुसलमानांपुरताच समजावा. वसतिगृहातील आपला मित्र म्हणतो तसे, "आपल्याकडे कर्मसिद्धान्त असल्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही" हे खरे काय. पहिल्या भागाचे उत्तर एका शब्दात देता येते, आणि तो शब्द आहे दुःख. आपल्या मित्राचे वाक्य मात्र मी फार पूर्वी एका व्यासपीठावरून माझ्याच भाषणाचा निकाल म्हणून ऐकलेले आहे आणि तेथे उलट बोलण्याची मुभा मला नव्हती. त्यामुळे दुसऱ्या भागाचे उत्तर लांबणार आहे.

पहिला भाग उरकून घेतो. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर चालत आलेला पेच आपल्याला ठाऊक असेलच : ईश्वराला दुःख टाळायचे आहे पण टाळता येत नाही, तर तो सर्वशक्तिमान नाही; टाळता येते पण टाळायचे नाही, तर तो दयाळू नाही; आणि दोन्ही असेल तर दुःख आले कोठून? स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमच्या मृत्यूनंतर, १७७९ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या त्याच्या धर्मविषयक संवादांत तो नव्याने आला आणि १९५५ मध्ये तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी त्याला तर्कशास्त्रातील विसंगतीचे काटेकोर रूप दिले. त्यावर तत्त्वज्ञ आल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ मध्ये इच्छास्वातंत्र्याचा बचाव मांडला, म्हणजे माणसाला निवडीचे स्वातंत्र्य द्यायचे तर वाईट निवडीची शक्यताही येतेच, आणि तो खून, चोरी, युद्ध यांना बऱ्यापैकी पुरतो. भूकंपाला आणि रोगाला तो पुरत नाही. तेथे प्लँटिंगा यांनाही पतित देवदूतांसारख्या अमानवी शक्तींची शक्यता पुढे करावी लागली. ज्याला विषाणूमागे सैतान उभा करणे पटते, त्याच्याशी वाद घालण्यात मला रस नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये भूकंप झाला तेव्हा भाविक मिस्सेसाठी चर्चमध्ये जमले होते आणि चर्चची छपरे त्यांच्यावरच कोसळली. त्याच पोर्तुगीज राज्यकर्त्यांच्या इन्क्विझिशनचे, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणारे, न्यायासन त्या वेळी गोव्यातही बसलेले होते, आणि खरा देव कोणाचा याविषयी त्या न्यायासनाला तिळमात्र शंका नव्हती, हे जाता जाता नोंदवतो.

आता माझी गोष्ट. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मी फोंडा तालुक्यातून मडगावला कॉलेजात जात असे, आणि एका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत "ईश्वर ही मानवाची निर्मिती आहे" या बाजूने बोललो होतो. पुस्तकी मुद्दे होतेच; पण भाषणाचा कणा होती माझी धाकटी बहीण. तिचे नाव न घेता मी एका मुलीविषयी बोललो, जिला दुसऱ्या वर्षी ताप आला आणि ताप उतरला तेव्हा तिचा डावा पाय लुळा पडलेला होता. पायाला कॅलिपर होते : दोन पोलादी पट्ट्या, गुडघ्याशी बिजागरी, आणि मांडीला व पोटरीला आवळायचे चामड्याचे पट्टे. आमच्याकडच्या पावसाळ्यात त्या चामड्यावर हिरवट बुरशी चढते आणि बिजागरीला गंज धरतो. वडील रोज रात्री पट्टे फडक्याने पुसून चुलीजवळ टांगत आणि बिजागरीत खोबरेल सोडत, कारण गंज धरला की बिजागरी चालताना अडे आणि मुलगी पडे. मी सभागृहाला विचारले होते की, दोन वर्षांच्या मुलीचे इच्छास्वातंत्र्य यात कोठे आले.

परीक्षकांपैकी एक गृहस्थ वयोवृद्ध होते, संस्कृतचे व्यासंगी, आमच्याच भागात कीर्तने करणारे. समारोप करताना ते म्हणाले की, वक्त्याने पाश्चात्त्यांचे युक्तिवाद चांगले पाठ केले आहेत, परंतु ते पाद्र्यांच्या देवाला लागू पडतात; आपल्याकडे ज्याचे त्याचे पूर्वसंचित असते, तसे त्या मुलीचेही असणार. टाळ्या पडल्या. फिरता चषक कोणाला गेला याचे मला काही नाही. पण माझी आई आणि बहीण त्या दिवशी मामाकडे आल्या होत्या आणि माझे भाषण ऐकायला मागच्या रांगेत बसल्या होत्या. परतताना बसमध्ये आईने मला हळूच विचारले, "तिणें कितें केल्लें रे?" मागच्या जन्मी या मुलीने असे काय केले होते, हे तिला माझ्याकडून जाणून घ्यायचे होते. त्यानंतर तिने सोळा सोमवार धरले, आणि ते पाय बरा व्हावा म्हणून धरले नव्हते. जो अपराध कोणालाच ठाऊक नव्हता, तो फिटावा म्हणून धरले होते. ईश्वराला दोषमुक्त करण्यासाठी एका विद्वानाने आरोप उचलून एका मुलीच्या माथी मारला आणि त्याची शिक्षा तिची आई भोगत बसली. कर्मसिद्धान्ताने प्रश्न सुटतो असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी पाहावा.

आता त्या गृहस्थांना जे उत्तर द्यायचे राहिले ते आपल्या मित्राला देतो. पोलिओचा विषाणू निसर्गात केवळ माणसाच्याच आश्रयाने जगतो. संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही. साधारण दोनशेंत एकाला कायमचे लुळेपण येते, कारण त्याच्या मज्जारज्जूतील स्नायूंना चालना देणाऱ्या पेशी मरतात. कर्मवादी म्हणेल की तो दोनशेंतला एक कोण, हेच संचित ठरवते. ठीक आहे. परंतु भारतातील रानटी, म्हणजे लसीतून न आलेल्या, पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात नोंदला गेला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्या देशासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने दिले. मग ज्यांच्या संचितात लुळा पाय लिहिलेला होता ते जीव २०११ नंतर जन्माला यायचे थांबले काय? तोंडात थेंब सोडणाऱ्या आरोग्यसेविकेने कोणाचेही संचित विचारले नव्हते. पहिली लस जगात १९५५ मध्येच आली होती. आमच्या वाड्यापर्यंत ती वेळेवर आली नाही, एवढ्यानेच माझ्या बहिणीचे "कर्म" फळाला आले. लसीच्या वाहतुकीनुसार ज्याचा निवाडा बदलतो त्या न्यायाला न्याय म्हणणे मला जमत नाही. संचित दुसऱ्या वाटेने फळते, असे कोणी म्हणाल्यास त्याला एवढेच विचारावे की, मग असे काय घडले असता आपण हा सिद्धान्त सोडाल? उत्तर "काहीही घडले तरी सोडणार नाही" असे येईल. तेथे वाद संपतो, कारण आता समोर सिद्धान्तच उरलेला नसतो.

"हे पाश्चात्त्यांचे युक्तिवाद आहेत" हे तर निव्वळ अज्ञान, आणि संस्कृतच्या व्यासंगी माणसाच्या तोंडी ते अधिकच लाजिरवाणे. ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, हे दोन आरोप नाव घेऊन नोंदवलेले आहेत. आरोप होत होते म्हणूनच सूत्रकारांना उत्तर द्यावे लागले. शंकराचार्यांचे उत्तर असे की ईश्वर पर्जन्यासारखा आहे : पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, भात उगवते की जव उगवतो हे बीजावर अवलंबून असते. उत्तर सुंदर आहे, परंतु त्याची किंमत पाहा. पाऊस बी निवडत नाही म्हणून निर्दोष ठरला, तर त्याच्याकडे दयेची याचना कशासाठी करायची? कर्मच सारे ठरवत असेल तर ईश्वराला करण्यासारखे काय उरते? वेदातील यज्ञकर्माला सर्वोच्च मानणाऱ्या मीमांसकांनी तर हे सरळच म्हटले. वेद आणि कर्मफल दोन्ही मानणाऱ्या कुमारिल भट्टांनी सातव्या शतकात सृष्टिकर्त्याविषयी विचारले की, करुणेने सृष्टी केली म्हणावे तर सृष्टीपूर्वी करुणा करण्याजोगे होते कोण, आणि करुणाच होती तर सारे सुखीच का निर्माण केले नाहीत. "प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते", मंदबुद्धीचा माणूसही हेतूवाचून कामाला लागत नाही. कुमारिल भट्ट पाद्र्यांकडे शिकायला गेले नव्हते.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. हा युक्तिवाद सर्वशक्तिमान आणि परमदयाळू ईश्वरालाच लागतो. आमच्या अंत्रुजातील, म्हणजे फोंडा भागातील, देवांना तो तितका लागत नाही. सोळाव्या शतकात मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून आणि म्हाळसा वेर्ण्याहून जुवारी नदीपलीकडे आणावी लागली, कारण पोर्तुगीज देवळे पाडत होते. भक्तांनीच देवांना वाचवले, हे आमच्याकडे अभिमानाने सांगतात आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. असा देव सर्वशक्तिमान असल्याचा दावाच करत नाही. माझी बहीण दर सोमवारी मंगेशीला जाते, माझे हे सारे म्हणणे तिला कोरडे वाटते, आणि आपल्या देवाने आपल्याला पोलिओ दिला असे तिने कधीच मानलेले नाही, असे ती मला सुनावते. तिच्याशी माझा वाद नाही. माझा वाद कीर्तनात देवाला ब्रह्मांडनायक करणाऱ्या आणि प्रश्न आला की त्याला कर्माचा कारकून करणाऱ्यांशी आहे.

आणखी दोन मर्यादा सांगतो. तर्कशास्त्रीय विसंगती दाखवणारा मॅकी यांचा युक्तिवाद प्लँटिंगा यांच्यानंतर ढिला पडला, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणून मित्रापुढे तत्त्वज्ञ विल्यम रो यांचे १९७९ मधले सौम्य रूप मांडावे. वणव्यात होरपळून कित्येक दिवस तडफडत मेलेले, कोणाच्याही दृष्टीस न पडलेले हरणाचे पाडस हे त्यांचे उदाहरण. ते ईश्वर अशक्य ठरवत नाही, असंभाव्य ठरवते. दुसरे असे की, जग निर्माण करून अंग काढून घेतलेला, भल्याबुऱ्याची पर्वा नसलेला कर्ता यातून सुटतो. जग हे कार्य आहे म्हणून त्याला कर्ता हवा, या न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांच्या अनुमानाशी वेगळे झगडावे लागेल. तो वाद आपला मित्र उकरणार नाही, कारण तसल्या कर्त्याला नवस बोलता येत नाही. तो संचितावरच येईल. तेव्हा त्याला २०११ विचारा.