प्रभूने एकदाच क्षमा केली, मग ख्रिस्ती लोक दर रविवारी पापांची कबुली का देतात?

तुम्ही विचारलंय की, तुमचा ख्रिस्ती मित्र म्हणतो येशूने वधस्तंभावर सगळ्यांचं पापाचं कर्ज एकदाच फेडलं, आणि तोच मित्र दर रविवारी चर्चमध्ये पुन्हा क्षमा मागतो. फिटलेलं कर्ज किती वेळा फेडायचं? आणि मनातल्या मनात देवाला सांगून भागत नाही का?

मी नगर जिल्ह्यातल्या प्रोटेस्टंट घरातला, बायको वसईची कॅथलिक. दोन्हीकडच्या तऱ्हा घरातच बघतो, म्हणून लिहितोय. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही; शेतकरी आहे.

कर्जाचा शब्द तुम्ही नेमका उचललात. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत, बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात, तोच आहे: 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' पण ह्याच्या लगेच वरची मागणी बघा. ती रोजच्या भाकरीची आहे. काल जेवलो म्हणून आज भूक लागायची थांबत नाही. आणि ही प्रार्थना त्याने परक्यांना नाही, जे आधीच त्याचे झाले होते त्यांना शिकवली.

शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला. पेत्र आधी पाय देईना, मग म्हणाला, हात आणि डोकंही धू. त्यावर येशूचं उत्तर असं, की ज्याचं स्नान झालंय त्याला पाय धुतले की पुरे. मला तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच सापडतं. बाप्तिस्मा म्हणजे स्नान, ते एकदाच. पाय मात्र रोज मळतात. रानातून आलं की आम्ही ओट्याशी पाय धुऊन आत जातो. चिखल लागला म्हणून घरातलं नाव कोणी कापत नाही. पण तेच पाय घेऊन अंथरुणावर चढलात तर आई बोलणारच.

आता कबुली म्हणजे काय, ह्याबद्दल. योहानाच्या पहिल्या पत्राच्या मराठी भाषांतरात पापं 'पदरी घेणे' असा शब्दप्रयोग आहे. मला तो फार आवडतो. पदरी घेतलं म्हणजे ते माझं झालं, आता ते दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. अवघड काम तेच आहे. उपासनेत आम्ही सगळे एका सुरात म्हणतो की विचाराने, शब्दाने, कृतीने आम्ही चुकलो. एका सुरात म्हणणं फार सोपं असतं, शेजारच्याच्या आवाजात आपला आवाज लपतो.

मी तसा कित्येक रविवार लपलो. भावाचा आणि माझा कांदा निम्म्या वाट्याने असायचा, बाजाराला मी न्यायचो. एका वर्षी ३० क्विंटलची पट्टी, म्हणजे बाजारातली विक्रीची पावती, झाली. भावाला मी भाव क्विंटलमागे १५० रुपयांनी कमी सांगितला. ४,५०० रुपयांचा फरक, त्यातले २,२५० त्याचे. पट्टी घडी घालून बायबलच्याच कव्हरात ठेवली होती, हसू नका. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या त्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा विधी, असतं. भाकर हातात घेतली आणि मत्तयाचा ५वा अध्याय आठवला: वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर.

संध्याकाळी गेलो, पट्टी आणि पैसे त्याच्यापुढे ठेवले. वाटलं होतं तो गळ्यात पडेल. त्याने नोटा दोनदा मोजल्या आणि विचारलं, "आणि आधीच्या पट्ट्या?" आधीची एक होती. ती मी विसरलो नव्हतो, सोयीने बाजूला ठेवली होती. तीही सांगावी लागली. एका कबुलीत माणूस रिकामा होत नाही, हे मला कुठल्या प्रवचनात नाही, त्या ओट्यावर कळलं.

मग रोज चुका, रोज कबूल करा, असा परवाना आहे का? प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात हाच प्रश्न घातला आणि साफ नाही म्हटलं. बायबलमधल्या जक्कय जकातदाराने तर येशूपुढे फसवून घेतलेल्याच्या चौपट परत द्यायची तयारी दाखवली. मी मुद्दलच दिलं, ते सोडा.

आमच्याकडचे, म्हणजे प्रोटेस्टंटांतले, काही जण कॅथलिक कन्फेशनला, फादरपुढे एकट्याने पापं कबूल करण्याला, नावं ठेवतात. त्यांना मी एवढंच सांगतो, की १५१७ साली मार्टिन ल्यूथर, ज्याच्यापासून आमचा प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला, तो पैसे घेऊन पापक्षमापत्रं विकण्याविरुद्ध उठला, कबुलीविरुद्ध नाही. त्याने तेव्हा मांडलेल्या ९५ कलमांतलं पहिलंच कलम म्हणतं की विश्वासणाऱ्याचं सबंध आयुष्य पश्चात्तापाचं असावं. स्वतः तो आपल्या पाळकापुढे, बुगेनहागेनपुढे, पापं कबूल करायचा. कॅथलिकांना १२१५च्या लॅटरन धर्मपरिषदेपासून वर्षातून निदान एकदा कन्फेशन बंधनकारक आहे. माझ्या सासूबाई नाताळाआधी आणि ईस्टरआधी न चुकता रांगेत उभ्या राहतात. आत काय बोलल्या ते फादर मरेपर्यंत कोणाला सांगू शकत नाहीत, तसा चर्चचा कडक नियमच आहे. बाहेर येतात तेव्हा चेहरा हलका असतो, आणि घरी आल्यावर कधी कधी सुनेला आपणहून चहा करून देतात. त्या दिवशी आम्ही काही विचारत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न राहिला. देवाला मनात सांगून भागतं, पाप फक्त देवाच्या आणि तुमच्या मधलं असेल तर. माणसाचं घेतलं असेल तर त्याच्या ओट्यापर्यंत चालत जावं लागतं. तिथे क्षमा मिळेलच असंही नाही. माझा भाऊ आठ महिने कामापुरतंच बोलला. आता कांदा तोच नेतो, आणि पट्टी आणून न विचारता माझ्या हातात देतो.