घरचा केक, कॅफेची ऑर्डर आणि सोसायटीचे पत्र

प्रश्न : पुण्यात पतीच्या नावावर असलेल्या सदनिकेत मी दोन वर्षांपासून ऑर्डरप्रमाणे केक करून विकते. महिन्याला सुमारे तीस हजार रुपयांची विक्री होते. आता जवळच्या एका कॅफेने रोज अर्ध्या किलोचे सहा केक मागितले असून त्यासाठी ‘एफएसएसएआय’चा (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा) क्रमांक हवा, असे सांगितले आहे. त्याच आठवड्यात सोसायटीच्या सचिवांचे पत्र आले की, निवासी सदनिकेतील व्यवसाय पंधरा दिवसांत बंद करावा. घरगुती कामालाही परवाना लागतो का? सोसायटी मला थांबवू शकते का?

उत्तर : आपले दोन्ही प्रश्न वेगवेगळ्या कायद्यांखाली येतात. तरीही एका ठिकाणी दिलेले उत्तर दुसऱ्या ठिकाणी आपल्याच विरोधात वापरले जाऊ शकते. ‘मी छंद म्हणून करते, हा व्यवसाय नाही’ असे सोसायटीला कळवण्याचा मोह होईल, पण तसे अजिबात लिहू नये. कारण लवकरच नोंदणीच्या अर्जावर आपण अन्न व्यावसायिक म्हणून सही करणार आहात.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधील ‘अन्न व्यवसाया’च्या व्याख्येत नफा होतो की नाही याला महत्त्व नाही आणि दुकान असावे अशीही अट नाही. त्यामुळे घरचे स्वयंपाकघर त्यातून सुटत नाही. मात्र कलम ३१(२) ने छोट्या उत्पादकांना परवान्यातून सूट देऊन केवळ नोंदणी बंधनकारक केली आहे. २०११ च्या मूळ विनियमांत त्यासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये होती, आणि कॅफेची ऑर्डर धरून आपली वर्षाची विक्री सध्याच्या मर्यादेत बसते का, हे अर्ज करताना तपासून घ्यावे. परवान्याविना व्यवसाय केल्यास सहा महिने तुरुंगवास होतो, असे संदेश मोबाईलवर फिरत असतात. तो तुरुंगवास मूळ कलम ६३ मधला होता आणि त्या कलमातून नोंदणीयोग्य छोट्या व्यावसायिकांना स्पष्टपणे वगळलेले आहे. म्हणून घाबरू नये, पण निर्धास्तही राहू नये, कारण ज्या उल्लंघनाला स्वतंत्र शिक्षा नाही त्यासाठी कलम ५८ खाली दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अर्ज ‘एफएसएसएआय’च्या ‘फॉसकॉस’ या संकेतस्थळावर करावा. छायाचित्र व ओळखपत्र लागेल. सदनिका पतीच्या नावावर असल्याने त्यांचे साध्या कागदावरचे संमतिपत्रही तयार ठेवावे. कॅफेने क्रमांक मागितला यात त्यांचा आडमुठेपणा नाही, कारण परवानाधारकाने नोंदणीकृत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडूनच माल घ्यावा, ही त्यांच्याच परवान्याची अट असते. मिळालेला चौदा अंकी क्रमांक आपल्या प्रत्येक बिलावर छापावा लागेल. १ जानेवारी २०२२ पासून ते बंधनकारक आहे. अंड्याचा केक कायद्याच्या दृष्टीने मांसाहारी पदार्थांत मोडतो, त्यामुळे वेष्टणावर हिरवे चिन्ह लावायचे असेल तर तो केक खरोखर बिनअंड्याचा असला पाहिजे.

पुण्यात सर्रास चालणारी एक सवय सोडावी लागेल. ‘एक पौंडाचा केक इतक्या रुपयांना’ अशी जाहिरात वजन-मापांविषयीच्या वैधमापन कायदा, २००९ च्या कलम ११ मध्ये बसत नाही. दर ग्रॅम किंवा किलोतच सांगावा. वजनावर विक्री करायची तर काटाही वैधमापन विभागाकडून मुद्रांकित केलेला हवा, स्वयंपाकघरातला साधा काटा चालत नाही. तसेच घरगुती गॅस सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही. ओव्हन विजेचा असेल तर हा प्रश्न येत नाही. जीएसटीची नोंदणी, केवळ राज्यांतर्गत मालाची थेट विक्री असेल तर, ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही.

आता सोसायटीविषयी. केवळ सचिवांच्या पत्राने आपला व्यवसाय बंद होत नाही. वाद पुढे न्यायचा असेल तर समितीला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जावे लागेल. परंतु त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार, सदनिका ज्या कारणासाठी दिली आहे त्याखेरीज अन्य कारणासाठी वापरायची तर समितीची लेखी परवानगी लागते आणि शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे काही करता येत नाही. आठवड्यातून चार केक करणारी गृहिणी आणि जिच्या दारात रोज सकाळी केक नेणारा माणूस उभा असतो ती व्यावसायिक यांच्यात न्यायालय फरक करू शकते, हे मला आपल्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यामुळे भांडणापेक्षा परवानगीचा अर्ज करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. सभासद आपले पती आहेत, म्हणून तो अर्ज त्यांच्या सहीने जावा. सदनिका प्रामुख्याने राहण्यासाठीच वापरली जाते, बाहेरचा कामगार नाही, फलक लावलेला नाही आणि माल आपणच कॅफेत पोहोचवाल, या बाबी खऱ्या असतील तर त्या अर्जात नमूद कराव्यात. आपल्या सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधींची प्रत आधी मागून घ्यावी, कारण आदर्श उपविधी आणि प्रत्यक्ष स्वीकारलेले उपविधी यांत फरक असू शकतो.

पंधरा दिवसांची मुदत संपण्याआधी हा अर्ज पोच घेऊन द्यावा आणि नोंदणीच्या अर्जाची पावती त्यास जोडावी. कॅफेला पहिला केक मात्र नोंदणी क्रमांक हाती आल्यावरच द्यावा.