जर्मन शेफर्डच्या पिल्लाचे मागचे पाय लटपटतात, डोळे धुरकट दिसतात. आनुवंशिक आजार असेल का?

असू शकतो, पण आधी डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) आणि मुडदूस तपासून घ्या. हेच जास्त आढळतं. ते नसेल तर डॉक्टरांना एमपीएस-७ (म्युकोपॉलीसॅकरायडोसिस ७) या आनुवंशिक आजाराबद्दल विचारा. जर्मन शेफर्डमध्ये तो क्वचित सापडतो. यात बीटा-ग्लुकुरोनिडेज हे एन्झाइम जवळजवळ नसतंच. त्यामुळे पेशींत या एन्झाइमने मोडायच्या साखरेच्या लांब साखळ्या तशाच साचत जातात, सांधे सैल पडतात, डोळ्याच्या बुबुळावर दुधी झाक येते, चेहरा रुंद दिसतो. लघवीच्या तपासणीत अंदाज येतो, खात्री डीएनए चाचणीने. ती गालाच्या आतल्या स्वॅबवर होते.

दोष आई-बाप दोघांकडून आला तरच आजार होतो. ते स्वतः ठणठणीत दिसतात. म्हणून निदान झालं तर ब्रीडरला नक्की कळवा, तीच जोडी पुन्हा लावू देऊ नका. आणि पिल्लाला गुळगुळीत फरशीवर चालवू नका हो, खाली सतरंजी अंथरा.